उमादेवीच्या कानातलं मशीन

मशीन वाईट नव्हतं, असं सत्यम अजूनही म्हणतो. त्याचं काय जातं म्हणायला! त्यानं ते नांदेडहून आणलं, काकूच्या गळ्यात अडकवलं, दोन-तीनदा बटण दाबून दाखवलं आणि संध्याकाळच्या बसनं निघून गेला. पुढं त्या मशीनबरोबर दिवस काढायचे होते उमादेवीला. तेव्हा ते चांगलं की वाईट, हे तिनं सांगायचं. पण तिला कुणी विचारलं तर ना!

उमादेवी मुदखेडजवळच्या गावातली, खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची बाई. नवरा गुरुलिंग तिकडं शेत, जनावरं आणि म्हातारी आई सांभाळत होता आणि ही दोन वर्षांसाठी लातुरात एका खोलीत अडकून पडली होती. कशासाठी? तर पोरीसाठी. पुनमला डॉक्टर व्हायचं होतं. आणि लातूरला पोरगी शिकायला ठेवायची म्हणजे नुसती क्लासची फी भरून भागत नाही, फीसोबत आईही भरावी लागते. सकाळी डबा, दुपारी गरम भाकरी, रात्री दूध, आणि पोरगी पुस्तकावरून उठू नये म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातात नेऊन द्यायचा. गल्लीत अशा आया घरोघर होत्या. कुणी उदगीरची, कुणी परळीची, कुणी पार हदगावची. सगळ्या आपापलं घरदार वाऱ्यावर सोडून इथं पोरांचे डबे भरत होत्या.

डब्याचं उमादेवीला काही नव्हतं. कामाला ती कधी भ्यायली नाही. तिचा जीव खाल्ला तो त्या गल्लीतल्या शांततेनं. भाजीवाला गाडा घेऊन यायचा, पण ओरडायचा नाही, बायाच दारात उभ्या राहून त्याची वाट बघायच्या. कुकर लावायचा तो पोरी क्लासला गेल्यावर. टीव्ही नाही, रेडिओ नाही. मोबाइल होता तो साधा, नुसता बोलण्यापुरता, आणि त्याच्यावरही बोलायचं ते गच्चीत जाऊन. घरमालकीण बेगमबी जिन्यात भेटली की कपाळाला हात लावायची. "अवो उमाबाई, घर माझं, जिना माझा, आन् मलाच खोकायची चोरी!" आणि हे म्हणायची तेही कुजबुजत. कारण तिच्या तिन्ही खोल्या 'शांत घर' म्हणूनच भाड्यानं गेल्या होत्या आणि तिन्हींत पोरी अभ्यास करत होत्या.

आणि अशा घरात येऊन पडली कोण? तर गाणारी बाई! गाणं म्हणजे पेटी-तबल्यावरचं नव्हे. हळदीची गाणी. उमादेवीचं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. तिची आई, चुलत्या, मोठी बहीण अशा सगळ्या मिळून गायच्या, आणि त्या घरची हळद ऐकायला शेजारच्या गावातल्या बाया यायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या सगळ्या गेल्या. भावजयही गेली. भाऊ चंद्रप्पा वाचला, त्याची पाच-सहा वर्षांची शिवकन्या वाचली आणि भागाक्का नावाची एक म्हातारी चुलती वाचली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग सरकारी घरात दिवस गेले, पण त्या घरात कुणाला हळद लागली नाही.

आता शिवकन्येचं ठरलं होतं. चंद्रप्पाचा फोन आला. "उमाक्का, तारीख पुनमच्या परीक्षेनंतरचीच धरली बघ. तू आल्याबिगर पोरीला हळद लावायची न्हाई. आईची गाणी आता तुलाच येत्यात. पोरीला माय न्हाई, निदान घरची गाणी तरी असू दे."

"हाव की रं, ते काय सांगायला पायजे?" उमादेवी म्हणाली. फोन ठेवला आणि तिथंच गच्चीत मनातल्या मनात पहिलं गाणं म्हणून बघितलं. दोन ओळी आल्या, तिसरी येईना. दुसरं धरलं, ते मधूनच सुटलं. दीड वर्ष तोंडातून गाणं निघालंच नव्हतं तर राहील कशाला? बाई घाबरली. हे सांगायचं कुणाला? चंद्रप्पाला सांगितलं तर त्याचं काळीज तुटेल. म्हणून तिनं सत्यमला फोन लावला. सत्यम तिच्या दिराचा मुलगा, नांदेडला इंजिनिअरिंगला होता. "बाबा, माझ्या माहेरी जा, भागाक्काला बसव आन् तिची गाणी कशात तरी भरून आण. पण मला ती ऐकायची हायत बिनआवाजाची. पुनमला कळता कामा न्हाई."

"काकू, सोपं काम हाय," तो म्हणाला. त्याला सगळंच सोपं.

त्यानं आणलं ते हे मशीन. काड्यापेटीएवढं, चंदेरी, गळ्यात दोरी, दोरीतूनच दोन वायरी निघालेल्या आणि त्यांच्या टोकाला कानात घालायचे बोळे. उमादेवीनं बोळे कानात घातले आणि एकदम कानाच्या आत भागाक्का गायला लागली! तोंडात दात नाहीत, दम पुरत नाही, मागं कोंबडा आरवतोय, कुणीतरी ट्रॅक्टर चालू करतंय, पण भागाक्काच. उमादेवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ह्या मशीनचा पहिला गुण हाच, आणि तो कुणी नाकारू नये. पदराखाली ते दिसत नव्हतं आणि शेजारी बसलेल्या पुनमला काडीचं ऐकू गेलं नाही.

आता अवगुण ऐका. ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. भागाक्काचं एक गाणं संपलं की लगेच धाडधाड ढोल सुरू व्हायचे आणि कुणीतरी बया इंग्रजीत किंचाळायची. उमादेवी पहिल्यांदा केवढी दचकली, हातातलं पीठ सांडलं. फोन केला तर सत्यम म्हणतो कसा, "काकू, लई जागा रिकामी होती, म्हनून दुसरी गाणी भरली. रिकामं कशाला ठेवायचं?" घ्या! कणगी आहे का ती, रिकामी ठेवली तर अपशकुन व्हायला? ती गाणी काढावीत तर कसली भीती! सगळी नावं इंग्रजीत, तांदळाच्या दाण्याएवढी. चुकून भागाक्काच पुसली गेली म्हणजे? त्यापेक्षा ती बया किंचाळलेली परवडली.

दाबायचं बटण एकच, पण त्यात पाच कामं. वर दाबलं की आवाज, बाजूला दाबलं की पुढचं गाणं, जरा जास्त वेळ दाबलं की भलतंच काहीतरी उघडायचं आणि मग बाहेर यायचा रस्ताच नाही. बाजूला एक बारकं सरकणारं बटण होतं, ते पदरात घासून आपोआप सरकायचं आणि मशीन मेल्यासारखं गप्प. काही दाबा, हूं की चूं नाही. दोन दिवस ते तसंच पडून होतं. शेवटी हनीफभाईंनी बघितलं आणि ते बटण मागं सरकवलं. हनीफभाई म्हणजे बेगमबीचे मालक, क्लासेसच्या चौकात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. "बहेनजी, ये कुलूप हाय. चुकून दाबलं जाऊ नये म्हनून." म्हणजे चुकून दाबू नये म्हणून जे बटण केलं, ते स्वतःच चुकून दाबलं जात होतं! ज्यानं हे केलं त्याला एकदा लुगडं नेसवून भांडी घासायला बसवायला पाहिजे, असं उमादेवीला वाटलं.

आणि चार्जिंग! त्याला भिंतीचा प्लग चालायचा नाही. त्याला कॉम्प्युटर पाहिजे. आता स्वयंपाकाची एक शेगडी आणि दोन गाद्या असलेल्या खोलीत कॉम्प्युटर कुठून आणायचा? मग पुन्हा हनीफभाईंचं दुकान. भर उन्हात चौकापर्यंत जायचं, नोट्सच्या झेरॉक्सला लागलेल्या पोरापोरींच्या गर्दीतून हात लांब करून मशीन द्यायचं आणि संध्याकाळी परत आणायला जायचं. हनीफभाई बिचारे भले माणूस, पण त्यांनाही मत असायचंच. "टेप बरा होता बहेनजी. बिघडला तर बिघडला दिसायचा तरी." उमादेवीला हे तंतोतंत पटलं. पण टेपला आवाज असतो, आणि आवाजच तर नको होता.

तर एवढं सगळं सोसून तिनं गाणी धरली. एकेक ओळ परत यायला लागली. भागाक्का जिथं दमायची तिथली राहिलेली ओळ उमादेवीला आपोआप सुचायची, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव यायचा. होईल, वेळेवर होईल, असं तिला वाटायला लागलं.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, पोरी आपापल्या खोल्यांत, दुसऱ्या दिवशी क्लासची मोठी टेस्ट. उमादेवी मागच्या मोरीवर भांडी घासत बसली होती, कानात बोळे, हातात राखेनं भरलेला चोथा.

*पाटावर बसली लेक, हळद लावा हळू हळू,*
*अंगणीच्या चिमणीला, नका आज हुसकावू...*

भागाक्का गात होती. उमादेवीनं मान वर केली तर समोर बेगमबी उभी. तिचं तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता. उमादेवीला वाटलं, हिला काय झालं? मागं दारात दोन पोरी हातात पुस्तकं घेऊन उभ्या, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून बघतंय, आणि पुनम, डोळ्यांतून आग ओकत, धावत येतेय. पुनमनं येऊन कानातला बोळा खसकन ओढला, आणि तेव्हा उमादेवीला ऐकू आलं की आपण गातोय. गातोय म्हणजे कसं? लग्नघरात गातात तसं, पार टिपेला पोचून!

"आई!" पुनम म्हणाली. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? आख्खी गल्ली ऐकून राहिली!"

"मला वाटलं मनातच..."

"उद्या टेस्ट हाय! एक चॅप्टर राहिलाय माझा. अन् तू इथं हळदी लावत बसलीस?"

बेगमबी मध्ये पडली. "राहू दे बेटी. गाणं लई गोड होतं उमाबाई, माझं काळीज हललं, खरं सांगते. पर बाकीच्या पोरींच्या घरून फोन आले तर मी काय सांगू?"

ह्यात चूक कुणाची? पोरीची? तिच्या मानेवर अख्ख्या घराचं ओझं, ती बिचारी झोपेत सूत्रं बडबडायची. बेगमबीची? तिचं पोट त्या खोल्यांवर. उमादेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि वर रागही आला. राग येतो ना, जेव्हा सगळे बरोबर असतात आणि आपणच तेवढे जास्तीचे असतो! तिनं भांडी तशीच टाकली आणि खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

संध्याकाळी पुनमचा राग उतरला. आईजवळ येऊन बसली, मशीन हातात घेऊन उलटंसुलटं केलं. शिवकन्येच्या हळदीच्या गाण्यांचं सगळं उमादेवीनं तेव्हा तिला सांगितलं. "आधी सांगायचंस की," ती म्हणाली. "असं कर, गायचंच असलं तर नुसते ओठ हलव. ऐकायचं कानात, म्हणायचं ओठांनी. पाठबी होतंय आन् कुणाला तरासबी न्हाई."

पोरगी हुशार. उपाय बरोबर सांगितला. उमादेवीनं तो ऐकला. भाकरी थापताना, झाडताना, गच्चीत पापड वाळवताना तिच्या कानात भागाक्का गायची आणि ओठ हिचे हलायचे. पहिले काही दिवस अडखळली, मग जमलं. इतकं जमलं की भागाक्काचा आवाज कुठं संपतो आणि आपला कुठं सुरू होतो, हेच तिला कळेना. कानात सगळं भरभरून वाजायचं, तिला वाटायचं की आपणच गाऊन राहिलो, आणि लई छान गाऊन राहिलो. महिने गेले. बोर्डाचे पेपर झाले, मग सीईटी झाली. सगळी गाणी, सगळ्या ओळी तिला तोंडपाठ झाल्या. एक म्हणून चुकत नव्हती.

मे महिन्यात मायलेकी खोली रिकामी करून निघाल्या. बेगमबीनं उमादेवीला मिठी मारली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तिथून त्या थेट चंद्रप्पाकडं गेल्या.

मांडव भरलेला होता. शिवकन्या पाटावर बसली होती, पिवळं लुगडं, खाली घातलेली मान. भोवती बायांचं रिंगण. भागाक्काला धरून आणून खुर्चीवर बसवलं होतं. पुनमच्या हातात हळदीची वाटी होती. चंद्रप्पा मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला, बायांच्या कामात पुरुषानं थांबू नये हे माहीत असूनही. उमादेवी भाचीच्या शेजारी मांडी घालून बसली. आज मशीन नको होतं, ते तिनं पिशवीतच ठेवलं होतं. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

एक ओळ झाली. दुसरी झाली. तिला आतून भरून आलं. आई आठवली, चुलत्या आठवल्या, भावजय आठवली. तिसऱ्या ओळीला गाणं काय चढलं होतं म्हणून सांगू!

"उमे," भागाक्का म्हणाली, "सुरू कर की गं. किती येळ बसायचं?"

उमादेवीनं डोळे उघडले. सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या, वाट बघतात तशा. सुरू कर म्हणजे? मग आत्तापर्यंत काय करून राहिले मी?

आणि मग तिला कळलं. इतका वेळ हलले ते नुसते ओठ.

तिनं खाकरून परत सुरुवात केली. ह्या वेळी मुद्दाम घशातून आवाज काढला. निघालं ते एवढंसं, दवाखान्यात झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तेवढं. तिनं जोर लावला, पण घसाच ऐकेना. जरा वर जायला लागलं की आपोआप मिटायचा. परत एकदा. परत तेच. ओळ सगळी येत होती हो! एक शब्द इकडचा तिकडं होत नव्हता. पण त्याचा उपयोग काय?

बाया चुळबुळायला लागल्या. कुणी म्हणालं, खडीसाखर द्या. कुणी म्हणालं, दृष्ट लागली असंल. नवरदेवाकडची एक जण हळूच म्हणाली, "शहरात राहून आल्या न्हवं, लाजून राहिल्या," आणि ते उमादेवीनं ऐकलं. पाटावर शिवकन्येची मान आणखी खाली गेली, तिच्या मांडीवर टपकन पाणी पडलेलं दिसलं. खांबाजवळचा चंद्रप्पा तोंड फिरवून बाहेर बघायला लागला. ते उमादेवीला सगळ्यात जास्त लागलं. दोन वर्षं! दोन वर्षं तिनं कुणाला वर मान करून हूं म्हटलं नाही, आणि ज्या एका दिवसासाठी उन्हातान्हात त्या डबड्याला घेऊन फिरली, त्याच दिवशी तोंड उघडून ती मुकी!

सत्यम डीजेवाल्यापाशी उभा होता, तो उत्साहानं पुढं आला. "काकू, मशीन कुठंय? स्पीकरला जोडतो. भागाक्काचं चांगलं भरलंय, तेच लावू."

"हात लावशील तर बघ!" उमादेवी कडाडली. म्हणजे तिला कडाडायचं होतं. आवाज निघाला तो कुजबुजल्याचाच. सत्यमला ते ऐकूच गेलं नाही, तो पिशवी शोधायला वळला.

पुनमला मात्र ऐकू गेलं. ती आईच्या अगदी समोर होती. तिनं ते ओठ बघितले होते, पहिल्यापासून, बाया वाट बघत होत्या तेव्हापासून. तिला ते ओठ ओळखीचे होते. तिनं हळदीची वाटी खाली ठेवली, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, इथं कुणीच अभ्यास करून न्हाई राहिलं."

बाया खो खो हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. पुनमच्या तोंडावर हसू नव्हतं.

उमादेवीनं तिच्याकडं बघितलं. "झाला?" तिनं विचारलं, लातूरच्या खोलीतल्या त्याच आवाजात.

"झाला. सगळा झाला. तू म्हन."

उमादेवीनं तोंड उघडलं. पहिली ओळ फाटकी निघाली, दुसरीला ठसका लागला. कुणीतरी पाणी पुढं केलं ते तिनं हातानं ढकललं आणि तिसरी ओळ ओढून काढली. गोड नव्हतं ते. खरं सांगायचं तर ती गात नव्हती, भांडत होती. कुणाशी ते तिचं तिला माहीत. सूर जागेवर नव्हता, श्वास मध्येच तुटत होता, पण आवाज मात्र मोठा होता आणि थांबत नव्हता. भागाक्कानं खुर्चीतून मागची ओळ उचलली. मग बाकीच्या बायांनी कडवं धरलं. कुणीतरी शिवकन्येची हनुवटी वर केली आणि तिच्या गालाला हळद लावली.